गावपळणीतले गोरे पाहुणे

आमच्याकडे समुद्रावर गोरा माणूस दिसला की तो फॉरेनर. तो अमेरिकेचा की युरोपातला, हे विचारायच्या भानगडीत कोणी पडत नाही. मीही पडत नसे. घरामागच्या दोन खोल्या पाहुण्यांना द्यायला लागल्यापासून पासपोर्ट तऱ्हेतऱ्हेचे पाहिले, पण माझ्या लेखी सगळे एकाच गावचे. उन्हात लाल होणारे आणि मिरची बघून घाबरणारे. गेल्या गावपळणीत माझं हे ज्ञान पार मातीत गेलं.

गावपळण म्हणजे काय, ते आधी सांगते. आचऱ्याची गावपळण मोठी, ती पेपरात येते. आमच्या गावची लहान, पण रीत तीच. दर काही वर्षांनी ग्रामदेवाला कौल लावतात. देवाचा हुकूम झाला की सगळा गाव तीन दिवस शिवेबाहेर जातो. माणसं, गुरं, कुत्री, कोंबड्या, सगळी. घरांना कड्या घालायच्या आणि निघायचं. शिवेपलीकडे माडाच्या झावळ्यांच्या झोपड्या घालतात, तिथेच चुली पेटतात, तिथेच झोपायचं. आम्ही ख्रिश्चन, रोज संध्याकाळी घरात जपमाळ म्हणणारे, पण आम्हीही जातो. आजवर आमच्या घरात कोणी मागे राहिल्याचं ऐकलेलं नाही.

या वेळी मात्र सासूची पंचाईत होती. पावसाळ्यात ती अंथरुणाला खिळली ती उठलीच नाही. डॉक्टरांनी माझ्या नवऱ्याला बाजूला घेऊन सांगितलं, आता औषधांचा उपयोग नाही, सेवा करा. सेवा आम्ही करत होतो, आणि तिच्यासमोर एकच पाढा म्हणत होतो: "माय, तू बरी होतलस." अशा बाईला शिवेबाहेरच्या झोपडीत कसं न्यायचं? नेलं आणि तिथेच काही झालं तर? घरी ठेवणं तर शक्यच नव्हतं, गावात माणसाने राहायचं नाही म्हणजे नाही. नवरा दिवसभर अंगणात येरझाऱ्या घालायचा आणि मी बोलले की माझ्यावर खेकसायचा.

त्यात पाहुण्यांचं बुकिंग आधीच झालेलं. मी दोघांनाही कळवलं होतं की असं असं आहे, येऊ नका. अमेरिकन नवराबायकोचं उत्तर आलं: वा, किती सुंदर, आम्ही येणारच! हॉलंडच्या बाईचं उत्तर आलं: तिथे संडास आहे का?

अमेरिकन जोडपं आलं ते मिठ्या मारतच. माझ्या नवऱ्यालाही मारली. तो बिचारा खांबासारखा उभा. दोघंही साठीच्या पुढची. पहिल्या चहाचा कप संपायच्या आत त्या माणसाने आपली बायपास, पहिलं लग्न का मोडलं आणि मोठा मुलगा आपल्याशी का बोलत नाही, एवढं सगळं सांगून टाकलं. माझ्या सख्ख्या भावाने मला उभ्या जन्मात आपल्या मूळव्याधीबद्दल सांगितलेलं नाही. मी तोंडाला पदर लावून बसले. समोर हॉलंडची बाई होती. नगरपालिकेतल्या नोकरीतून निवृत्त झालेली, उंच, हाडकुळी, एकटी आलेली. तिने सगळं शांतपणे ऐकलं, कप खाली ठेवला आणि विचारलं, "हे तुम्ही मला का सांगताय?"

मला वाटलं, झालं, आता भांडण. पण तो मोठ्याने हसला आणि तिच्या खांद्यावर थाप मारली. तिने खांदा मागे घेतला.

रोज सकाळी अमेरिकन बाई विहिरीकडे जाताना मला म्हणायची, "हाऊ आर यू?" पहिल्या दिवशी मी सांगायला लागले, गुडघा दुखतो, झोप नीट लागत नाही. पाहते तर बाई विहिरीपाशी पोचलेली! मला इतका राग आला. विचारायचं कशाला मग? हॉलंडवालीने कधीच विचारलं नाही. म्हणून मीच एकदा रीत म्हणून तिला विचारलं, तर तिने आपल्या पोटाची हकीकत इतकी सविस्तर सांगितली की माझ्या हातातले पोहे थंड झाले.

जेवणाचंही तसंच. बांगड्याचं तिखलं केलं होतं. अमेरिकन म्हणाला, "आयुष्यात असं काही खाल्लं नाही!" आणि अर्धं ताटात टाकलं. हॉलंडवाली म्हणाली, "मीठ जास्त झालंय," आणि ताट पुसून खाल्लं. मी दोघांवरही चिडले. तोंडावर मीठ जास्त झालं म्हणतात का कोणी? माझ्या सासूने मला नवी सून असताना म्हटलं असेल तेवढंच.

पण खरा हादरा समुद्रावर बसला. अमेरिकन लोक काहीच लाजत नाहीत, हे आपण सिनेमात बघून ठरवलेलं. एका सकाळी मी तिघांना घेऊन किनाऱ्यावर गेले. रापण, म्हणजे पाण्यात सोडलेलं मोठं जाळं, ओढायला माणसं जमली होती. हॉलंडवाली पोहून बाहेर आली आणि तिथेच, सगळ्यांसमोर, ओले कपडे उतरवून सुके घालायला लागली. ना आडोसा, ना घाई. रापणीचा दोर माणसांच्या हातात तसाच राहिला. मी "अगो बाय" म्हणून धावले, तर माझ्याआधी अमेरिकन बाई मोठा टॉवेल घेऊन पोचली आणि डोळे मिटून तो धरून उभी राहिली. तिचा चेहरा माझ्यापेक्षा लाल. नंतर ती मला म्हणाली, "या युरोपियन लोकांना जरासुद्धा लाज नाही." आणि हॉलंडवाली म्हणाली, "ती एवढी का घाबरली? अंगच तर आहे." मी कोणाची बाजू घेऊ ते मला कळेना. दोघी इतक्या वेगळ्या असतील हे माझ्या स्वप्नातही नव्हतं.

गावपळणीचा दिवस जवळ आला तसा अमेरिकन एकदा मला म्हणाला, "तुम्ही तर ख्रिश्चन. घर तुमचं. तुम्हाला बाहेर कोण काढणार? तुमचा हक्क आहे." मी म्हटलं, काढत कोणी नाही, आम्हीच जातो. ते त्याला काही केल्या पटेना. हॉलंडवालीने फक्त विचारलं, "सगळे जातात?" मी म्हटलं, सगळे. "मग मीही," म्हणून ती सामान आवरायला गेली.

माझ्या नवऱ्याची तगमग मात्र त्या अमेरिकन माणसानेच ओळखली. आणि काय त्याचा झपाटा! एका सकाळीत फोनाफोनी करून त्याने शहरातल्या हॉस्पिटलमध्ये मायसाठी एसी खोली ठरवली, अॅम्ब्युलन्स ठरवली आणि पैसेही भरून मोकळा झाला. आम्ही नको नको म्हणत राहिलो, तो ऐकेचना. हॉस्पिटल शिवेबाहेर, म्हणजे देवाचा हुकूमही पाळला जाणार. मग तो मायच्या खाटेपाशी गेला आणि अंगठा उंचावून म्हणाला, "काय छान दिसताय! तुम्ही नाताळात नाचणार आहात!" माय हसली. माझ्या नवऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. खोटं कशाला सांगू, मलाही सुटल्यासारखं झालं.

त्याच दुपारी हॉलंडवाली आत आली. मायकडे बघत तिने मला विचारलं, "हिला विचारलं का?"

"काय विचारायचं?"

"तिला कुठे जायचंय ते."

"आजारी माणसाला काय विचारायचं?"

"आजारी तिचे पाय आहेत. डोकं नाही." आणि ती स्टूल ओढून खाटेजवळ बसली. "तिला विचार, मरायची भीती वाटते का?"

घरात मरण हा शब्द आम्ही कित्येक महिन्यांत उच्चारला नव्हता. शेजारी कोणी गेलं तरी मायच्या कानावर जाऊ दिलं नव्हतं. मी म्हटलं, मी हे विचारणार नाही. ती स्टुलावरून हलली नाही.

"काय म्हणता गो ती?" मायने विचारलं.

"म्हणता, तू बरी दिसतस."

"तेच्यासाठी तुझा तोंड असा कित्याक झाला? खरां सांग."

मग सांगितलं. आवाज माझाच, पण दुसऱ्याच कोणाचा वाटला. मायने त्या बाईकडे बघितलं. मला वाटलं, आता ती रडणार, आणि ही बया माझ्या घरात आलीच कशाला.

"मरणाक मी भियणय नाय," माय म्हणाली. "हॉस्पिटलाक भियतंय. थंय माका कोण वळाखता? माका गावावांगडा न्हेवा. मेलंय तरी सगळो गाव माझ्याकडे असतलो."

गावाबरोबरच न्या म्हणते, असं मी इंग्रजीत सांगितलं. हॉलंडवालीने मान डोलावली, "ठीक आहे" म्हणाली आणि दोरीवरचे आपले कपडे काढायला गेली. डोळ्यांत पाणी नाही, मायच्या हातावर हात नाही, काही नाही. मला तिचा इतका संताप आला की रात्रीच्या भाकऱ्या करपल्या. घराला काडी लावायची आणि आपण कपडे काढायला जायचं!

नवऱ्याला कळल्यावर त्याने आकाशपाताळ एक केलं. "तिका काय कळता आमच्या घरातला?" मी म्हटलं, माय बोलली, ती बाई नाही. तो आईसमोर जाऊन उभा राहिला. तिने त्याला तेच सांगितलं. अमेरिकन माणसाचा चेहरा पडला. "पण मी सगळं ठरवलं होतं," एवढंच तो म्हणत राहिला. शेवटी अॅम्ब्युलन्स दारात आलीच होती, तर ड्रायव्हरला सांगून तिच्यातूनच मायला शिवेबाहेरच्या झोपडीत नेलं. ते बघून अमेरिकन क्षणात खुलला: "परफेक्ट!" हॉलंडवाली म्हणाली, "उगाच खर्च."

झोपड्यांत मायची खाट दाराशी टाकली. आणि मग माणसांची रीघ. घरी असताना आजारी बाईकडे कोण कशाला येतंय? इथे ना कोणाला शेत, ना दुकान, ना नोकरी. शेजारच्या वाडीतल्या म्हाताऱ्या दिवस दिवस तिच्या खाटेला टेकून बसल्या. अमेरिकन जोडप्याने सगळ्यांशी दोस्ती केली, भजनात टाळ वाजवले आणि भेटेल त्याला सांगितलं, अमेरिकेला या, आमच्याकडेच उतरा. सुकी मासळी विकणाऱ्या बाईने तर कोणत्या महिन्यात थंडी कमी असते, ते मला त्यांना विचारायला लावलं. माझ्या लक्षात आलं की आमचं रीतीपुरतं "जेवन जा" असतं, तसंच ते होतं. पण तिला ते कसं सांगायचं?

हॉलंडवाली मायजवळ लसूण सोलत बसायची. एका संध्याकाळी मायने मला म्हटलं, तिला विचार, "तुका कोण आसा गो?"

"कोणी नाही," ती म्हणाली. "पण मी सगळं ठरवून ठेवलंय. कुठे पुरायचं, कुठली गाणी लावायची, डॉक्टरने औषधं कधी थांबवायची. सगळं."

अमेरिकन बाईने हे ऐकलं मात्र, तिने हुंदका दिला आणि "असं नका बोलू, तुम्ही खूप जगणार आहात" म्हणत हॉलंडवालीला कवटाळलं. हॉलंडवाली लसणाची पाकळी हातात धरून ताठ बसली. मी तर गारच पडले होते. आपल्या मयताची तयारी भाजीच्या पिशवीसारखी भरून ठेवणारी बाई मी पहिल्यांदा बघत होते.

माय मात्र शांत. "बरां केलंस," ती म्हणाली. "पण हात धरूक कोणाक तरी सांगून ठेव."

मी ते सांगितलं. त्या बाईने सोललेलीच पाकळी पुन्हा सोलायला घेतली.

परतायला देवाचा कौल झाला, गाव परत आला, पाहुणे गेले. मायला झोपडीत काही झालं नाही. उलट ती दोन घास जास्त जेवली. पण नाताळाच्या तोंडावर तिचं बोलणं कमी झालं, श्वास लागायला लागला. नणंद गोव्याहून आली, शेजारणी जमल्या. आणि पुन्हा तेच सुरू झालं: माय, तू बरी होतलस. माय, नाताळाक तू बाहेर बसतलस. पाद्रींना बोलवायचं कोणी नावच काढेना. शेवटच्या प्रार्थनेला पाद्री दारात आले म्हणजे घरच्यांनी आशा सोडली, असा अर्थ होतो. माझ्या नवऱ्याला ते सोसलं नसतं, आणि त्याच्यासमोर ते कोण बोलणार?

माय सगळ्यांची तोंडं बघत होती. मग तिने माझ्याकडे बघितलं.

"वेळ इली मां गो?"

खोलीत एवढी माणसं होती. "नाय गो माय" असं चारही बाजूंनी एकदम झालं. मी तोंड उघडलं तेव्हा मलाही तेच म्हणायचं होतं.

"होय, माय," मी म्हटलं. "इली."

नणंदेने माझ्या दंडावर फटका मारला. नवरा उभा राहिला, आणि त्याने मला बाहेर काढलं असतं तरी मला नवल वाटलं नसतं. हे मी बोलले? मी?

"मगे पाद्रीक अजून बोलवक कशाक नाय?" माय म्हणाली. "जा, बेगीन."

पाद्री स्कूटरवरून आले. दार लोटून घेतलं. पापांची कबुली द्यायला मायला अजून बोलता येत होतं. तिने काय सांगितलं ते तिला आणि पाद्रींना ठाऊक, पण आतून तिचा आवाज बराच वेळ येत होता. ते बाहेर आल्यावर नवरा माझ्याकडे न बघताच आत गेला. मी दारात उभी होते. तो तिच्या उशाशी बसला, आणि या वेळी "तू बरी होतलस" काही त्याच्या तोंडून निघेना. तो ओक्साबोक्शी रडायला लागला.

"रड रे झिला," माय म्हणाली. "इतके दिस खंय होतस?"