पाणी न बदललेलं फूल

चित्रसंग्रहालयात फरशी पुसणाऱ्या मावशी आधी बावीस वर्षं दवाखान्यात आया होत्या. पेशंटच्या उशाशी ठेवलेल्या फुलदाण्यांचं पाणी बदलायचं कामही त्यांच्याकडेच होतं. मी सफाई कामगारांच्या युनियनचा, त्यामुळे ओळख.

तिसऱ्या दालनात एका फुलाचं भलंमोठं चित्र आहे. लालभडक, पाकळ्या पिळवटलेल्या, कडा काळ्या, रंग नुसता थापलेला. माहिती सांगणारे सर रोज घोळक्याला सांगायचे, "हा चित्रकाराच्या मनातला संताप!" आणि घोळका माना डोलवायचा.

एकदा मावशींना राहवलं नाही. बादली खाली ठेवून म्हणाल्या, "संताप कसला, सर? चार दिवस पाणी बदललेलं नाही. देठ खालून कुजलाय, म्हणून मान टाकलीय. आणि हे झोपून बघितलंय. उशीवरून फूल असंच अंगावर आल्यासारखं दिसतं. माणूस आजारी होता, त्याच्याकडे कुणी फिरकत नव्हतं."

"मावशी, आता माझी नोकरी तुम्हीच करा," सर म्हणाले. घोळका खो खो हसला.

दोन महिन्यांनी चित्राखाली नवी पाटी लागली. 'रुग्णशय्येवरून पाहिलेले फूल : एक नवे आकलन.' खाली बारीक अक्षरांत मजकूर, शेवटी सरांचं नाव. मावशींना वाचता येत नाही. मथळा आणि नाव मीच वाचून दाखवलं.

"माझं नाव घालायला सांगा, दादा. दुसरं काही नको. आजी काय करते ते नात शाळेत सांगत नाही. तिला आणून दाखवीन."

मी थांबतोय कसला! तडक संग्रहालयाच्या अधिकाऱ्याच्या खोलीत घुसलो, टेबलावर मूठ आपटली, "चोर आहात सगळे!" मावशी मागून शर्ट ओढत होत्या, "दादा, हळू. मला बोलू द्या." ऐकलं कुणी?

"पुरावा?" अधिकाऱ्याने शांतपणे विचारलं. मी आणखी चढलो. शिपायांनी मला बाहेर काढलं.

दुसऱ्या दिवसापासून मावशींची ड्युटी तळघरातल्या संडासांवर. दालनात पाऊल टाकायचं नाही.

तक्रारअर्ज घेऊन मी खाली गेलो. त्या फडकं पिळत होत्या. मान वर केली नाही.

"पाणी बदललं नव्हतं, हे आहे का हो पाटीवर?"

"नाही. 'मृत्यूची चाहूल' असं लिहिलंय."

"म्हणजे चोरलं तेही अर्धवटच." त्यांनी बादली उपडी केली. "सरांनी निदान ऐकलं तरी होतं, दादा. तुम्ही तेवढंही नाही."

अर्ज खिशातच राहिला.