उरेब नावाच्या इसमाचा शोध

बायकोनं शिवणाचं मशीन काढलं की ती घटना आजही आठवते, आणि मी काहीतरी निमित्त काढून अंगणात जातो.

पन्नास सालानंतरची ती वर्षं. मी बारामतीला फौजदार होतो. एके सकाळी जवळच्या एका साखर कारखान्यातले इंजिनिअर फिर्याद घेऊन आले. त्यांच्या पत्नीनं परदेशातून आलेलं नऊ वार पांढरं सॅटिन गावातल्या एका शिंप्याकडे दिलं होतं. सोबत इंग्रजी सिनेमासिकातलं चित्र. त्यात हॉलिवूडची एक नटी जिना उतरते आहे, पायघोळ गाऊन अंगावरून पाण्यासारखा खाली आलेला. हुबेहूब तसाच हवा होता आणि तसाच झालाही. पण एवढ्याशा गाऊनला नऊ वार कसे लागले? शिंप्यानं उरलेलं म्हणून नुसत्या चिंध्या परत केल्या, बाकीचं कापड मारलं, अशी तक्रार होती.

आपल्याकडे म्हणतातच, 'सोनार, शिंपी, कुलकर्णी अप्पा, यांची संगत नको रे बाप्पा.' खरं सांगतो, फिर्याद लिहून घेतानाच माझा निम्मा तपास त्या म्हणीनं उरकला होता.

दुसऱ्या दिवशी खबऱ्यानं बातमी आणली. "शिंपी पांढरं गाठोडं घिऊन इंदापूरच्या यष्टीत चढला व्हता, साहेब. दोन दिसांनी माघारी आला." माल इंदापुरात खपवला, असं मी धरून चाललो आणि शिंप्याला भर बाजारपेठेतून ठाण्यात आणवलं.

पन्नाशीचा किडकिडीत माणूस, गळ्यात टेप तशीच. गाव त्याला मास्तर म्हणे. मुंबईला फिल्म स्टुडिओच्या कपडेपटात त्यानं उमेदीची वर्षं काढली होती. आईच्या आजारपणात परतला आणि बंड्या, परकर शिवत इथंच राहिला.

"नऊ वारांत अख्खं लुगडं होतं. बाकीचं कापड कुठं आहे?"

"उरेबात गेलं, साहेब. उरल्यालं बाईस्नी दिलंय."

"हा उरेब कोण? इंदापूरचा का?"

तो गोंधळला. "कोन न्हाय, साहेब. उरेब म्हंजी... तिरकं असतंय ते."

"माझ्याशी तिरकं बोलायचं नाही!" मी टेबलावर हात आपटला. तो गप्प झाला तो झालाच.

'उरेब नावाच्या इसमास शोधून हजर करणे' असा लेखी हुकूम देऊन जमादाराला इंदापूरला पिटाळलं. बिचारा इंदापूरपलीकडच्या बावडा गावापर्यंत हिंडला. इसम मिळून आला नाही.

इकडे मी पंचनाम्याची तयारी केली. पंच म्हणून एक पानवाला आणि एक किराणा दुकानदार. गाऊन उसवून कापड मोजायचं ठरलं. गावात आणखी चार शिंपी होते, पण एकालाही बोलवावंसं मला वाटलं नाही. शिपायानं पातं हातात घेतलं तेव्हा मास्तर पहिल्यांदा गयावया करू लागला.

"मला आत टाका, साहेब. पर शिवण उसवू नगा. हात जोडतो."

चोराच्या मनात चांदणं, असं मी समजलो. "उसवा," म्हणालो. तुकडे सहा वारांच्या आसपास भरले. तीन वार कमी. मास्तर कोठडीत गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवताना मी बायकोला सगळी हकिकत ऐटीत सांगितली. ती पोलक्याच्या गळ्याला पट्टी लावत बसली होती. "सगळं जुळलंय, फक्त तो उरेब सापडत नाही."

ती हसत सुटली. "अहो, उरेब म्हणजे माणूस नव्हे! कापडाचा तिरका काप!" तिनं माझा रुमाल घेऊन सरळ ओढला, तो तसाच राहिला. मग समोरासमोरचे कोपरे धरून ओढला, तो चांगला लांबला. "तिरकं कापलं की कापड अंगावर छान पडतं. पण कोपरे वाया जातात, फार कापड खातं ते." माझा घास हातात राहिलेला दिसला तेव्हा तिचं हसू थांबलं.

मी तसाच उठून इंजिनिअरांच्या बंगल्यावर गेलो. चिंध्यांची ती पिशवी बाईंनी न उघडताच फडताळात टाकली होती. आत सॅटिनचे तिकोनी तुकडे निघाले. प्रत्येकाला इस्त्री केलेली, नीट घडी घातलेली. तीन वार तिथंच होते.

इंदापूरचंही कळलं. उरेब गाऊन दोन दिवस टांगून ठेवावा लागतो, घेर उतरला की मग तळ दुमडायचा. मास्तरच्या दुकानाचं छप्पर ठेंगणं, म्हणून तो बहिणीच्या घरी उंच आढ्याला टांगायला गेला होता.

मी त्याला सोडलं. अटक भर बाजारात केली होती, माफी मात्र खोलीचं दार लावून मागितली. या गोष्टीची लाज मला आजही वाटते.

"मास्तर, परत शिवता येईल का हो?"

त्यानं एक तुकडा खिडकीच्या उजेडात धरला. कडेनं भोकांची रांग दिसली. "सॅटिनला सुईची भोकं बुजत न्हाईत, साहेब. मुंबईत समदं दुसऱ्याच्या नावानं शिवलं. ह्यो एकच माझा व्हता."

पुढच्या नोकरीत मी एक नेम पाळला. समोरच्याचा शब्द कळला नाही, तर त्याचा अर्थ त्यालाच विचारायचा आणि तो सांगेपर्यंत गप्प बसायचं. त्या नेमानं बरेच निरपराध लोक सुटले असतील. पण मास्तरच्या गाऊनला त्याचा काय उपयोग?

बदली झाली तेव्हा नवा गणवेश मी मुद्दाम त्याच्याकडेच टाकला. उत्तम बसला. त्यानं सोबत एक पुडी दिली, खाकीच्या बारीकसारीक तुकड्यांची. आता तो प्रत्येक गिऱ्हाइकाला अशी पुडी देत असे.

"मोजून घ्या, साहेब," तो म्हणाला. "सरळ काप हाय."