अक्कांच्या सायकलची घंटी

अक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी शेंगदाणे भाजत होते. दवाखान्यातून यांचाच फोन होता. "शालन, अक्का गेली," एवढंच म्हणाले. मी गॅस बंद केला, कढई खाली उतरवली... शेंगदाणे अक्कांच्याच लाडवासाठी होते. सायकलच्या सरावाला जाताना खिशात गूळ-शेंगदाण्याचा लाडू न्यायची त्यांची सवय होती. दवाखान्यात जातानासुद्धा म्हणाल्या होत्या, ताप उतरला की परत पठारावर जायचं, लाडू करून ठेव. तासाभरात घर माणसांनी भरलं. बाहेरच्या सोप्यात त्यांची सायकल भिंतीला टेकून उभी होती. शेजारच्या बंगल्याचे आण्णा आत आले, सायकलीकडं बघून त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "हिनंच घात केला बघा. या वयात काय गरज हुती?" मग जो आला तो तेच म्हणत गेला. महिना उलटून गेला तरी अजून लोक तेच म्हणतात. मी चौथी शिकलेली बाई, चार माणसांत माझं तोंड सहजी उघडत नाही. म्हणून घडलं तसं लिहून काढते.

अक्का माझ्या थोरल्या नणंद. लग्न होऊन वर्षाच्या आत माहेरी परत आल्या, त्याबद्दल कधी कुणाजवळ बोलल्या नाहीत. नर्सचं शिक्षण घेतलं आणि सगळी नोकरी मलकापूरकडच्या वाड्यावस्त्यांवर केली. तिकडं पावसात गाडी जात नसे, म्हणून सायकल. लाल चिखलातून, ओढ्यातून, लसीचा डबा मागं बांधून त्या फिरायच्या. त्यांच्या सायकलची घंटी ऐकली की पोरं सुईच्या भीतीनं माळ्यावर चढून बसायची, असं सांगून स्वतःच हसायच्या. रिटायर झाल्यावर आमच्याकडं कोल्हापुरात राहायला आल्या. ती जुनी सायकल मोडीत गेली, पण घंटी त्यांनी काढून जवळ ठेवली होती.

एक दिवस त्या गिअरची, जाड टायरची सायकल घेऊन दारात उभ्या. पन्हाळ्याच्या पलीकडं पठारावर डोंगरातल्या सायकलींची शर्यत असते, त्यात वयानं मोठ्या माणसांचाही एक गट असतो, आपण त्यात नाव घातलंय, असं त्यांनी जेवताना सांगितलं. यांच्या हातातला घास हातातच राहिला. "अक्का, तुझं गुडघं बघ की. लोक काय म्हणतील?" अक्कांनी ताकाची वाटी खाली ठेवली. "म्हणू देत की. जल्मभर दुसऱ्याच्या तापासाठी सायकल मारली. एकदा उगंच मारून बघायची हाय, माझ्यासाठी." हे भात कालवत बसले. मी मात्र ते वाक्य भांडी घासताना परत परत मनात म्हणून बघितलं.

नव्या सायकलला त्यांनी जुनी घंटी लावून घेतली. दुकानदार म्हणाला, "मॅडम, असल्या सायकलला घंटी लावत न्हाईत. शर्यतीत वाटंत माणसं नसतात, दगडं असतात." अक्का म्हणाल्या, "मग दगडांस्नी कळू दे, मी आले म्हणून." गल्लीत विटा मांडून त्यांवरून सायकल चढवायचा सराव सुरू झाला. डोक्यावर हेल्मेट, अंगात सलवार आणि पायात कॅनव्हासचे बूट. बायका दारात उभ्या राहून विचारायच्या, "नर्सबाई, ऑलिंपिकला निघाला काय?" त्या न थांबता म्हणायच्या, "व्हय, तुम्ही डबा पाठवा." पडायच्याही. कोपर सोलून घरी यायच्या आणि स्वतःच पट्टी बांधत म्हणायच्या, "पेशंट बी मीच, नर्स बी मीच." एकदा स्वयंपाकघरात स्टुलावर बसून, लाटणं हँडलसारखं धरून त्यांनी मला उतार शिकवला. "उतार आला की माणूस भ्यानं पुढं वाकतं, आन् तिथंच पडतं. बूड मागं न्यायचं शालन, नजर लांब ठेवायची, आन् पुढचा ब्रेक करकचून दाबायचा न्हाय." मला सायकल येत नाही. तरी मी स्टुलावर बसून बूड मागं नेलं, आणि आम्ही दोघी इतक्या हसलो की दूध उतू गेलं.

एका रविवारी हे कुरकुरत का होईना, मला गाडीवरून पठारावर घेऊन गेले. अक्का पहाटेच सायकलवरून पुढं गेल्या होत्या. आम्ही थर्मास घेऊन दगडावर बसलो. धुकं होतं, समोरचं काही दिसत नव्हतं. आधी घंटी ऐकू आली, मग अक्का दिसल्या, गुडघ्यापर्यंत लाल चिखल, तोंड उघडं, श्वास मोठा. आमच्यासमोरच चाक घसरलं आणि त्या आडव्या झाल्या. हे धावले. अक्का चिखलात बसूनच म्हणाल्या, "हात देऊ नगंस. शर्यतीत कोण देणार हाय?" उठल्या, परत बसल्या आणि धुक्यात गेल्या. हे परत येऊन दगडावर बसले. "लहानपणी बी अशीच हुती," एवढंच म्हणाले. त्या दिवसानंतर बरेच दिवस यांनी सायकलवरून कुरकुर केली नाही.

आता त्या हौदाबद्दल लिहिते, कारण त्याबद्दल कुणीच बोलत नाही. आण्णांनी बंगल्यावर मजला चढवायला काढला होता. पाण्यासाठी आमच्या मागच्या भिंतीला लागून मोठा हौद बांधला. मग काम बंद पडलं आणि हौद तसाच उघडा, पावसाच्या पाण्यानं काठोकाठ भरलेला राहिला. अक्कांनी डोकावून बघितलं आणि तशाच आण्णांकडं गेल्या. मी सोबत होते. "आण्णा, हौद झाका, न्हायतर रिकामा करा. डासांच्या अळ्या झाल्यात त्यात." आण्णा हसले. "अक्का, तुम्ही रिटायर झालाय न्हवं? आता निवांत सायकल चालवा की." अक्का परत गेल्या, परत सांगितलं. तिसऱ्यांदा गेल्या तेव्हा आण्णांनी दारातूनच हात जोडले.

मग अक्कांना ताप आला. शर्यत जवळ आली होती. अंग ठेचल्यासारखं दुखत होतं, डोळे मागून ओढल्यासारखे. जो बघायला आला तो म्हणाला, सायकलीचा शीण आहे. गल्लीतल्या डॉक्टरांनी सायकल बघितली आणि तेही म्हणाले, श्रमानं आलाय, आराम करा. अक्का अंथरुणातून सांगत होत्या, "रक्त तपासा. हा शिणाचा ताप न्हवं. मला कळतंय." बारा गावांचे ताप ज्या बाईनं बघितले तिचं कुणी ऐकेना. हे म्हणाले, "आधी ती सायकल बंद कर, मग बघू." शेवटी मोठ्या दवाखान्यात नेऊन रक्त तपासलं तेव्हा डेंग्यू निघाला, आणि तोवर हातातली वेळ गेली होती. सायकलनं त्यांना काही केलं नाही. पण सायकल दिसली म्हणून कुणी ताप बघितला नाही. एका बाईनं या वयात स्वतःसाठी काहीतरी केलं, तर तिचं प्रत्येक दुखणं त्याच खात्यात टाकायचं, हा कुठला न्याय?

रक्षाविसर्जनाला पंचगंगेवर माणसं जमली. अक्कांना आवडायचं ते सगळं पानावर मांडलं. मी एक लाडू ठेवला. कावळे पत्र्यावर बसून होते, खाली एकही येईना. हे हात जोडून म्हणाले, "अक्का, कशात जीव अडकलाय? तुझ्या भाचीचं लगीन मी थाटात करतो." कावळा हलला नाही. कुणी म्हणालं, घराला रंग देतो म्हणा. तेही म्हणून झालं. मग आण्णा पुढं झाले. "सायकलीत अडकलाय जीव. देऊन टाकतो म्हणा, तिनंच घात केला." यांनी मान खाली घालून तेही म्हटलं. "अक्का, सायकल उद्याच्या उद्या देऊन टाकतो." मला तिथं काय झालं ते कळलं नाही. बायकांच्या मागं उभी होते, पुढं आले. "अक्का, तुमची सायकल कुठं जात न्हाय. आन् त्या हौदावर झाकण पडल्याबिगार मी गप बसत न्हाय." सगळे माझ्याकडं बघायला लागले. माझा आवाज एवढा मोठा आहे, हे मलाही माहीत नव्हतं. कावळा तरीही आला नाही. शेवटी नैवेद्य गाईला घातला. बायका म्हणाल्या, बघ, तुझ्या बोलण्यानंही जीव सुटला नाही. मला वाटतं, अक्कांना नुसता शब्द नको होता.

शर्यत होऊन गेली. अक्कांच्या महिन्याच्या दिवशी आण्णा परत आले. सायकलीशेजारच्या खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "अजून दिली न्हाय व्हय? हिला बघितलं की..." मी चहा घेऊन बाहेर आले होते. कप त्यांच्यापुढं ठेवला. म्हटलं, "आण्णा, अक्का सायकलनं गेल्या न्हाईत. डेंग्यूनं गेल्या. हौद तुमचा हाय." आण्णा यांच्याकडं वळले. "दुःखात बाईमाणूस कायबी बोलतंय, पावणं." मला वाटलं, आता हे मला आत जायला सांगणार. पण हे म्हणाले, "ती खरं बोलत्याय, आण्णा. माझं बी चुकलं, तुमचं बी चुकलं." आण्णांनी चहा अर्धा ठेवला.

दुसऱ्या दिवशी हौदावर पत्रा पडला. वाऱ्यानं तो सरकतो. म्हणून रोज सकाळी मी मागच्या बाजूला जाऊन बघते, सरकला असेल तर नीट करते आणि वर दगड ठेवते. पहिल्यांदा भीती वाटायची, कुणी विचारलं तर काय म्हणू. आता कुणी विचारावं, असं वाटतं. परत येताना सोप्यात सायकल लागते. टायरना पठारावरचा लाल चिखल आहे, तो मी धुतला नाही. अक्का सरावाला निघताना घंटी एकदा वाजवायच्या, म्हणजे मी उठून दाराला कडी लावायची. आता मी आत येऊन कडी लावते आणि मग घंटी एकदा वाजवते. आतून हे विचारतात, "हाय का पत्रा जागेवर?"

"हाय," मी म्हणते, आणि चहा ठेवते.