दिल्लीने न ऐकलेली केस

आई चोर नाही, हे मला देशातल्या सर्वांत मोठ्या न्यायालयाच्या तोंडून ऐकायचं होतं. नोकरीचं नंतर बघू.

आई नागपुरातल्या एका खासगी कॉलेजात ग्रंथपाल. जी पुस्तकं आलीच नव्हती, ती मिळाल्याची सही तिने दिली नाही. म्हणून संस्थेच्या अध्यक्षांनी तिच्यावरच पुस्तकं विकल्याचा आळ घेतला आणि तिला काढून टाकलं. हायकोर्टाच्या इथल्या खंडपीठात ती जिंकली. आळ रचलेला आहे, असं निकालात स्वच्छ लिहिलं होतं. अध्यक्ष दिल्लीला गेले. मला आनंदच झाला. जा म्हटलं, आता तुमची अब्रू साऱ्या देशापुढे जाऊ दे.

सुनावणी आम्ही सिव्हिल लाइन्सला वकिलांच्या ऑफिसात, त्यांच्या कॉम्प्युटरवर पाहिली. अध्यक्षांच्या वकिलाने गाऊन सावरला, एक वाक्य अर्धवट म्हटलं. न्यायाधीश फाइल बाजूला सारत म्हणाले, "डिसमिस्ड." लगेच पुढची केस पुकारली गेली.

"झालं, जिंकलो," आमचे वकील म्हणाले.

"पण कारण? ते काहीच बोलले नाहीत."

"बोलावं लागत नाही. तिथं अशी केस ऐकायलाच आधी खास परवानगी लागते. फाइल ते घरूनच वाचून येतात. बहुतेकांना दारातूनच परत पाठवतात."

"म्हणजे हायकोर्टाचा निकाल बरोबर, असं म्हणाले ना?"

"तसंही नाही. आम्ही यात हात घालत नाही, एवढंच म्हणाले. निकाल मात्र कायम."

आई पदराने चष्मा पुसत होती. "काहून वं तोंड उतरवून बसली? मले नोकरी भेटली ना."

आठवडा गेला नाही तोच अध्यक्षांनी कॉलेजात सांगायला सुरुवात केली, की सुप्रीम कोर्टाने केस ऐकलीच नाही. ऐकली असती तर बाई तुरुंगात असती. स्टाफरूममध्ये आई आली की एक मॅडम आपली पर्स उचलून मांडीवर घेई. आई हे हसत सांगायची. मी हसले नाही.

मी पत्रकं लिहून वाटणाऱ्या घरात वाढले, दुसरं हत्यार मला येत नाही. एका बैठकीत मजकूर लिहिला. मला अध्यक्षांना जे जे सुनवायचं होतं ते सगळं त्यात सुनावलं. आईने पेन घेतलं आणि एकेक शिवी खोडली. शेवटी हायकोर्टाच्या निकालातला, आळ रचलेला असल्याचा एक परिच्छेद उरला, मी मराठीत केलेला.

"सगळा जीवच काढला तू याचा," मी म्हटलं.

"शिव्या तुह्या होत्या, त्यापायी त्यानं तुले कोर्टात ओढलं असतं. हे कोर्टाचंच हाय. याच्यासाठी कोणाले ओढंल?"

स्नेहसंमेलनाच्या दिवशी छापलेली पत्रकं घेऊन आम्ही दोघी कॉलेजच्या गेटवर उभ्या राहिलो. पालक, पाहुणे, ती पर्सवाली मॅडम, कोणालाही सोडलं नाही. अध्यक्ष गाडीतून उतरले. एक कागद मीच त्यांच्या हातात दिला. वाचता वाचता त्यांचा चेहरा पडत गेला. ते मी डोळे भरून पाहिलं. आणि मला त्याची लाज वाटत नाही.

"बाई, तुम्ही तर जिंकल्या," ते हळूच म्हणाले. "आता हे काहून?"

"मी कुठं जिंकली सर? तुमीच तर सांगून राहिले, दिल्लीनं ऐकलंच नाही म्हणून." आईने त्यांच्या मागे उभ्या असलेल्या प्रमुख पाहुण्यांकडे पुढचा कागद केला. "तर म्हटलं, नागपूरले तरी ऐकू द्या."