अण्णांची चाल

नकला करणारा पोरगा लिहितोय म्हणल्यावर तुम्ही हसायच्या तयारीत बसला असाल. त्यात मालिशीची गोष्ट. बसा की, नाय कोण म्हणतंय? पण तिथं ना तेल होतं, ना चंपी. गुलमंडीत कपड्याच्या दुकानावर एक खोली, एक पलंग अन् फिजिओवाल्या मॅडम.

अण्णा, म्हणजे माझे वडील, वाळूजच्या कारखान्यात ठेकेदाराकडं पत्रे दाबायच्या प्रेस मशीनवर हायेत. उजवा पाय पॅडलवर, सगळं वजन डाव्यावर, आख्खी शिफ्ट. त्यांचा डावा हात खांद्याच्या वर जाईना. पत्रे तर वरच्या रॅकमधनं काढायचे. ठेकेदारानं सांगून टाकलं, "उद्या हात वर करून दाखव, नायतर मशीन दुसऱ्याला."

"काका, कधीपासून दुखतंय?" मॅडमनी विचारलं.

"काय नाय. बरं हाय."

"चालताना त्रास?"

"काय नाय."

"बरं हाय तर इथवर जिना चढून चहा प्यायला आलात का?" मी म्हणलो, अन् उठून त्यांची चाल करून दाखवली. गल्लीत ह्या चालीची फर्माईश असती. उजवं कुल्लं मागं ओढलेलं, पाऊल बाहेर फाकलेलं, डावा हात अंगाला असा चिकटलेला, जसं काखेत थर्मामीटर धरलंय.

मॅडम खळखळून हसल्या. मग म्हणल्या, "परत चाल." परत चाललो. तिसऱ्यांदा कुणीच हसलं नाय.

"तसाच थांब. डावा हात वर कर."

केला. खांद्यापाशी अडकला. माझा! मला तर काय झालेलं पण नव्हतं.

मॅडमनी सांगितलं, मटण साफ करताना वर पांढरा पातळ पापुद्रा निघतो ना, तसा आपल्या पण स्नायूंवर असतो. फॅशिया म्हणतात. सगळ्या अंगाला सलग. शर्ट उजवीकडं खाली ओढला की डाव्या खांद्यावर ताण येतो, तसं अण्णांचं झालेलं. पॅडलनं आखडलेलं उजवं कुल्लं, पाठीवरनं तिरकं, डाव्या खांद्याला ओढत होतं.

त्यांनी अण्णांना पालथं झोपवून उजवीकडं कमरेखाली कोपरानं दाबलं, हळूहळू. अण्णांनी उशी दातात धरली. उठले तर हात कानापर्यंत! मी टाळ्या वाजवल्या.

"हे टिकणार नाही, काका. काही महिने पॅडल सोडा. नाहीतर पुढं हे असं दाबून सैल पण होणार नाही."

अण्णा शर्टाची बटणं लावत होते. "उद्यापुरतं टिकंल का?"

"उद्यापुरतं टिकेल."

"बास मग."

दुसऱ्या दिवशी हात दाखवला, मशीन राहिलं. घरी आले, जेवायला बसले, पण घास काय उचलंनात. मी विचारलं, "अण्णा, झालं ना काम?"

"तुला कुणी सांगितलं होतं रे तिथं नाचाया? नुसता खांदा दुखायचा, तवर बरं होतं. कामात ध्यान पण जात नव्हतं. आज दर दणक्याला खालनं वरपर्यंत ओढतंय ते कळत होतं. आख्खी शिफ्ट! अजून कैक वर्सं दाबायचंय ते पॅडल मला, येड्या. गल्लीला हसवायचं तर हसव. माझं मला दाखवू नको."