म्होरकीशिवाय विकलेल्या स्की

गुलबाराच्या पायांना जन्मापासून भिंगरी होती, आणि नशिबाने पोटासाठी दिली ती खुर्ची. काराकोलच्या बस अड्ड्यावर काचेच्या खोपट्यात बसून कोणती गाडी कुठे सुटणार ते माइकवर सांगायचं, बिश्केकहून आलेल्या गाड्यांची वेळ वहीत टिपायची, चालकांची भांडणं सोडवायची. आठवड्याचे पाच दिवस हेच. खुर्चीखाली तिचा उजवा पाय सारखा हलत असे. तिला एजे, म्हणजे ताई, म्हणणारे चालक काचेला नाक लावून विचारायचे, "गुलबारा एजे, खाली शिलाई मशीन ठेवलंय का? माझी विजार द्यायची होती शिवायला."

हिवाळ्यातल्या शनिवार-रविवारी मात्र ती डोंगरावर असायची, आणि तिथे तिचे पाय तिच्या ताब्यात असत. बारा हिवाळे ती वरच्या केंद्रावर लोकांना स्की शिकवत होती. शर्यती जिंकलेली बाई नव्हे ती. तिच्या वाट्याला यायची ती भित्री माणसं: पन्नाशीच्या बायका, पोट सुटलेले साहेब, नवऱ्याने ओढून आणलेल्या सुना. गुलबारा त्यांचे दोन्ही हात धरायची आणि त्यांच्याकडे तोंड करून स्वतः उलटी, पाठमोरी उतार उतरायची. "खाली बघू नका, माझ्या नाकाकडे बघा," म्हणायची. नाक तसं बघण्यासारखं मोठं होतं. माणसं हसायची, आणि हसता हसता खाली पोचायची.

गेल्या एप्रिलमध्ये पातळ बर्फाखालचा दगड लागून तिच्या एका स्कीची लोखंडी कड उपटून निघाली. त्याचं तिला तेवढं वाटलं नव्हतं, केंद्राच्या भाड्याच्या स्की होत्याच की. पण नोव्हेंबरात केंद्रावर नवा व्यवस्थापक आला, एलदियार. सत्तावीस वर्षांचा, अल्माटीत शिकून आलेला, बोलणं मधासारखं.

"एजे, मनावर घेऊ नका, नियम सगळ्यांना सारखा आहे," तो म्हणाला. "भाड्याच्या स्की पाहुण्यांसाठी. शिकवणाऱ्याने स्वतःच्या आणायच्या. डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी मी स्वतः तपासणार. ज्याच्या नसतील त्याचं नाव फळ्यावर नसेल."

"आणि बारा वर्षं नाव होतं त्याचं काय?"

"म्हणून तर तुम्हाला आधी सांगतोय."

गुलबारा खाली आली ती चरफडतच. खुर्चीच्या पाच दिवसांत तिला जिवंत ठेवणारी गोष्ट एकच होती, आणि ती एका पोराच्या खडूवर आली होती.

मग शोध सुरू झाला. बिश्केकच्या दुकानातल्या नव्या स्कींची किंमत तिचा चार महिन्यांचा पगार. ती हात न लावताच बाहेर आली. मोठ्या बाजारात युरोपातून आलेला टाकाऊ माल होता: गंजलेल्या कडा, तळाला खड्डे, वरून नवा रंग. विकणाऱ्याने तिच्या पुढ्यात शर्यतीची लांबलचक जोडी उभी केली. "घ्या, वाऱ्यासारख्या पळतील." गुलबाराला पळायचंच नव्हतं. तिला हव्या होत्या हनुवटीएवढ्या, मऊ वाकणाऱ्या, आणि मुख्य म्हणजे मागचं टोकही पुढच्यासारखं वर वळलेलं. नाहीतर उलटं उतरताना मागची टोकं बर्फात रुततात, आणि शिकवणारी बाई शिकणाऱ्याच्या आधी आडवी होते. नवऱ्याने घरी सल्ला दिला, "लांबच घे. तेवढ्याच पैशात लाकूड जास्त." त्याला त्या दिवशी थंड चहा मिळाला.

शेवटच्या रविवारी ती नवऱ्याबरोबर दोन मेंढ्या विकायला जनावरांच्या बाजारात गेली. पहाटेचा गारठा, शेणाचा वास, घोड्यांच्या नाकातून निघणारी वाफ. मेंढ्यांच्या एका गाडीला टेकून, खोगिरं आणि दोरखंडांच्या शेजारी, स्की उभ्या होत्या. गुलबारा जागीच थांबली. दोन्ही टोकं वळलेली. तिने हातमोजा काढला, कडेवरून नख फिरवलं, दोन्ही स्की तळाला तळ लावून दाबून बघितल्या, एक डोळा मिटून सरळपणा पाहिला.

"दातही बघ ना," मागून दलाल म्हणाला. बाजारात दलाल नाही असा व्यवहार होत नाही, आणि या दलालाला घोडा काय नि स्की काय, सारखंच. त्याने गुलबाराचा हात धरला, स्कीवाल्याचा धरला, आणि एकमेकांत घालून पंप हापसावा तसे हापसायला लागला. स्कीवाला साठीचा मेंढपाळ होता, इसाबेक नावाचा, वरच्या खेड्यातला.

"बारा हजार सोम," इसाबेक म्हणाला.

"बायके," गुलबारा त्याला थोरल्या भावाच्या मानाने म्हणाली, "जनावर म्हातारं आहे. सात."

"म्हातारं? सहा वर्षांत चार वेळा पळलंय."

दलाल हापसत राहिला. खांदा निखळायच्या बेताला नऊ हजारांवर हात सुटले. लोकांनी शुभ बोलून तळवे चेहऱ्यावरून फिरवले. इसाबेकने मग खिशातून पेचकस काढला, स्की मांडीवर आडव्या घेतल्या आणि बूट अडकवायचे लोखंडी खटके एकेक करून काढायला बसला. गुलबारा पुढे सरकली.

"हे काय, बायके?"

"घोडा विकतो, म्होरकी विकत नाही," तो मान वर न करता म्हणाला. "म्होरकी गेली की घराची बरकत जाते. तुला काय सांगायचं, कारिंदाश, धाकटी बहीण तू. तू काय शहरातली आहेस?"

भोवतालच्या दहा माणसांनी माना डोलावल्या. दलाल म्हणाला, "रास्त आहे." गुलबारालाही ते पटलं. गेल्या वर्षी गाय विकली तेव्हा गायीच्या तोंडावरची म्होरकी सोडवून तिनेच घरी आणून खिळ्याला लावली होती. घेणाऱ्याने आपली म्होरकी आपण आणावी हीच रीत. आणि तिची होतीच की घरी: मोडक्या स्कींवरचे जुने खटके. तिने पैसे दिले, आणि एवढं चांगलं जनावर एवढ्या स्वस्तात मिळाल्याच्या आनंदात घरी गेली.

सोमवारी कामावरून सुटल्यावर ती खटके आणि स्की घेऊन हुसेईकडे गेली. हुसेई केंद्राचा मिस्त्री, दुंगान, म्हणजे चिनी मुळाच्या मुसलमानांपैकी. घरी आशल्यान-फूच्या वाडग्यातल्या गार शेवया ओढत बसला होता. त्याने तोंड पुसलं, खटका हातात घेऊन दोन वेळा उघडला-मिटला आणि परत तिच्या हातात दिला.

"यातली स्प्रिंग मेलीय, एजे. पडलात तर बूट सुटणार नाही. स्की राहील, पाय मोडेल."

"तू लाव तर खरा. मी पडत नाही."

"तुम्ही नाही पडत. तुमच्या अंगावर पडणारे आहेत ना. माझ्या हाताने मी हे लावणार नाही." तो पुन्हा शेवयांकडे वळला, आणि जरा वेळाने म्हणाला, "या जोडीवरचे मूळ खटके कुठं गेले?"

गुलबाराने सांगितलं. हुसेई इतका हसला की शेवई नाकात गेली. तिला मात्र रडू येत होतं. बाजारात ही गोष्ट एकालाही वेडेपणाची वाटली नव्हती, तिलासुद्धा नाही. घोड्याला दुसरी म्होरकी कुठलीही चालते. हे लोखंड घोडा नव्हतं.

मंगळवार, बुधवार तिने खोपट्यातून अख्ख्या काराकोलला फोन केले. सुटे खटके कुणाकडे नव्हते. एकदा तिने नारीनची गाडी तलासची म्हणून सोडली, आणि अर्धी माणसं खाली उतरून काचेवर थापा मारायला लागली. खुर्चीखाली आता दोन्ही पाय हलत होते. शनिवार समोर दिसत होता, फळा दिसत होता, आणि त्यावर आपलं नाव सोडून बाकी सगळ्यांची.

गुरुवारी दुपारी तिने पाळी बदलून घेतली, स्की खांद्यावर टाकल्या आणि इसाबेकच्या खेड्याची गाडी पकडली. विकलेलं जनावर परत आणणं अपशकुनाचं, हे ठाऊक असूनही.

दार त्याच्या बायकोने उघडलं. बात्मा तिचं नाव. काही न विचारता तिने पाव, साय आणि दुधाचा चहा मांडला. दाराच्या वर ओळीने खिळे होते आणि त्यांवर विकलेल्या घोड्यांच्या, गायींच्या म्होरक्या. शेवटच्या खिळ्याला, दोरीत ओवलेले, ते चार लोखंडी तुकडे.

"बोल, कारिंदाश," इसाबेक म्हणाला. "घोडा लंगडा निघाला?"

"घोडा चांगला आहे, बायके. पण उभाच राहत नाही." तिने स्प्रिंग, मिस्त्री, फळा, सगळं सांगितलं. बोलताना गुडघा हलत होता आणि चहा बशीत सांडत होता.

इसाबेकने वर, खिळ्यांकडे पाहिलं. बोलली ती बात्मा. "आमच्या मुलाच्या, नूरदोलोतच्या आहेत त्या. लिफ्टवर काम करायचा, त्या पैशातून घेतल्या. मॉस्कोला गेला त्याला सहा वर्षं झाली. पहिली चार वर्षं हिवाळ्यात यायचा, एक दिवस तरी पळवायचा. आता दोन वर्षं तोंड दाखवलं नाही. मीच म्हटलं विका. येता-जाता दिसतात, मला बघवत नाहीत."

"तिला बघवत नाहीत," इसाबेक म्हणाला, "आणि मला पोर परत यायला हवंय. म्हणून म्होरकी ठेवली."

गुलबाराला मागायला आली होती ते मागायची आता लाज वाटत होती, आणि मागितल्याशिवाय उठवतही नव्हतं. तिने सायीचा घास उगाच चघळला. मग म्हणाली, "बायके, घेणारा म्होरकी न आणताच आला तर तुम्ही काय करता? जनावर उपाशी उभं ठेवता?"

"तेव्हा म्होरकी देतो, आणि तिच्या जागी आयाळीची बट कापून ठेवतो."

तिघांनीही भिंतीला टेकलेल्या स्कींकडे पाहिलं. एकीच्या टोकाजवळ लाल चिकटपट्टी होती, तीवर शाईने, मुलाच्या वाकड्या अक्षरात, नाव. गुलबाराने ती सोमवारीच खरवडायची ठरवली होती, पण वेळ मिळाला नव्हता. इसाबेक उठला. कमरेचा सुरा काढून त्याने पट्टी एका टोकाने उचलली आणि न फाडता, श्वास धरून, सोडवली. ती त्याने रिकाम्या होणाऱ्या खिळ्याखाली चौकटीला चिकटवली, अंगठ्याने दाबली, पुन्हा दाबली. मग खटके काढून तिच्या ओटीत टाकले.

"एक बोली," तो म्हणाला. "तो आला तर त्या त्याला परत द्यायच्या. नऊ हजारालाच."

"हो," गुलबारा म्हणाली. विचार करण्याआधीच म्हणून बसली. दलाल नव्हता, म्हणून इसाबेकने स्वतःच तिचा हात हापसला.

फाटकापाशी बात्माने तिची बाही धरली. "तू अड्ड्यावर बसतेस ना? उतरणारं माणूस आधी तुला दिसतं. उंच आहे, डाव्या भुवईवर वण आहे. दिसला तर आधी मला कळव. चांगली बातमी आणणाऱ्याला सुयुन्चू द्यावी लागते. मागशील ते देईन, माझ्याकडून ना नाही."

गुलबाराला मागायचं काय ते तिथल्या तिथेच ठाऊक होतं, स्की आपल्याकडेच राहू द्या एवढंच, आणि ते आपल्याला मागवणार नाही हेही.

शुक्रवारी हुसेईने खटके मूळ भोकांत बसवले, स्प्रिंग तपासली आणि पेचकस खिशात टाकला. शनिवारी एलदियारने गुडघ्यावर बसून खटका उघडला-मिटला, टोकं बघितली, "वा, एजे," म्हणाला आणि फळ्यावर नाव लिहिलं. त्या दिवशी तिच्या वाट्याला बँकेतली एक थरथरणारी बाई आली. गुलबाराने तिचे हात धरले आणि पाठमोरी उताराला लागली. मागची टोकं बर्फावरून अलगद सरकत गेली. कितीतरी आठवड्यांनी तिला मनापासून आनंद झाला, अगदी संध्याकाळपर्यंत.

सोमवारी ती पुन्हा खोपट्यात होती. चालकांना तिच्यात एक नवीन खोड दिसायला लागली आहे. एरवी तिचा पाय थांबत नाही, पण बिश्केकची गाडी आवारात वळली की थांबतो. ती खुर्चीवरून अर्धी उठते, वहीत वेळ लिहायची विसरते आणि उतरणारा एकेक चेहरा बघते. उंच कोणी उतरला तर त्याच्या डाव्या भुवईकडे बघते. नसतो तो. गुलबारा सुटकेचा श्वास टाकते, त्या श्वासाची तिला लाज वाटते, आणि ती पुढच्या गाडीचं नाव माइकवर सांगते.