बावीस कागदांतले बोलणे

आणीबाणीच्या काळात मी सोलापूरच्या एका दैनिकात उपसंपादक होतो. छापता येण्याजोग्या बातम्या कमी झाल्या होत्या आणि पाने तेवढीच होती. रविवारच्या पुरवणीतला एक कोपरा सारखा रिकामा राहू लागला, तेव्हा संपादकांनी तो माझ्याकडे दिला. नव्याने लिहिणाऱ्यांना दर आठवड्याला चार व्यवहारी सूचना द्यायच्या, असे ठरले. चौकटीखाली नाव नसे. मी स्वतः एकही कथा लिहिलेली नाही, ही अडचण मी त्यांना सांगितली.

"दुसऱ्याचं कापता येतं ना?" ते म्हणाले. "तेवढं पुरे."

बातमीच्या टेबलावर जे शिकलो तेच मी चौकटीत लिहीत गेलो. कागदाच्या एकाच बाजूला लिहा. रोज ठरल्या वेळी बसा, सुचो वा न सुचो. पहिल्या वाक्यात काय घडले ते सांगा. एकच गोष्ट दोनदा आली तर एक काढा. आणि एक सूचना अशी होती : नवा खर्डा लिहून झाला की जुना फाडून टाका, तो जवळ राहिला तर त्यातली लाडकी वाक्ये परत आत येतात. ही सूचना मी कुठे वाचलेली नव्हती. उमेदवारीच्या दिवसांत आमचे मुख्य उपसंपादक माझी बातमी माझ्यासमोर फाडत आणि पुन्हा लिहायला लावत. दुसऱ्यांदा लिहिलेली बातमी दर वेळी आटोपशीर होई. त्यावरून मी नियम केला.

चौकट सुरू होऊन पाचसहा महिने झाले असतील. एका दुपारी चारच्या सुमारास शुक्रवार पेठेतल्या आमच्या कचेरीत एक गृहस्थ आले. पस्तिशीचे, पहिली पाळी संपवून थेट आलेले. भुवयांवर कापसाचे तंतू होते. पूर्व भागातल्या एका कारखान्यात ते यंत्रमाग चालवत. घरची भाषा तेलुगू, शाळा सातवीपर्यंत मराठी. त्यांनी बावीस कागद टेबलावर ठेवले. सगळे एकाच बाजूला लिहिलेले.

"चौकट तुमीच लिहिता का?"

"हो."

"लई कामाचं असतंय. वहीत चिकटवून ठेवलंय मी सगळं."

"ही कथा आहे?"

"कथाच म्हणा की. अक्काचं बोलणं हाय. ती बोलायची तसंच लिहिलंय. आता बोलत न्हाय ना, म्हणून."

अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. आईमागे तिनेच त्यांना वाढवले होते. चाळीच्या ओट्यावर मांडीवर सूप घेऊन ती बिड्या वळायची आणि वळता वळता बोलायची. मागच्या श्रावणात तिला अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. समजत सगळे होते.

"रोज दोन पानं वाचून दाखवतो तिला," ते म्हणाले. "हसते. अर्ध्याच तोंडानं, पण हसते."

"मग छापायचं कशाला?"

त्यांनी थोडा विचार केला. "चाळीतल्या बायका भेटायला येतात. तिच्याशेजारी बसतात आणि ती तिथं न्हाईच असं बोलतात. हिला काय कळतंय आता, म्हणतात. पेपरात आलं तर वाचतील की. मग ध्यानात येईल, कुणाशेजारी बसलोय ते."

त्यांना काय हवे होते ते पहिल्याच भेटीत त्यांनी इतके स्पष्ट सांगितले होते. मी ते ऐकले. नोंद मात्र घेतली नाही.

बावीस कागद मी त्या आठवड्यात दोनदा वाचले. त्यांत घटना नव्हती. ओटा, बिड्या, आणि अक्काचे बोलणे. साखर मागायला आलेल्या शेजारणीला ती म्हणे, "ने गं बाई, पण चहा मला न सांगता पिऊ नको. वास इकडं येतो नि चहा तिकडंच राहतो." कामाला जायला उशीर करणाऱ्या भावाला, "मागावर जायचंय का पाळण्यात? पाळण्यात जायचं तर झोका देते." बिड्या तपासून वाईट म्हणून बाजूला काढणारा कारखान्याचा चेकर, त्याच्याशी तर तिचे रोजचेच. असे पानामागून पान. एकच थट्टा तीन ठिकाणी, एकच शेजारीण पाच वेळा.

मी पेन्सिल घेतली. समासात लिहिले : घटना कुठे आहे? हे एकदा आले आहे. हेही. चेकरचा प्रसंग कथेला लागत नाही. शेवटी लिहिले : पुन्हा लिहा.

ते नाराज झाले नाहीत. तीन आठवड्यांनी चौदा कागद घेऊन आले. नंतर नऊ. चार महिन्यांत चार खर्डे झाले. दर वेळी मी कापून परत देत होतो, आणि ते घरी जाऊन नवा लिहीत आणि जुना फाडून चुलीत घालत. फाडताना जड जाते का, असे एकदा मी विचारले. इतर लिहिणाऱ्यांची तीच तक्रार असे.

"न्हाय," ते म्हणाले. "मागावर तसंच असतंय. विणलेलं कापड खाली रुळावर गुंडाळत जातंय. मागचं विणकराला दिसतच न्हाय. समोर असतंय ती एक वीत."

हे उत्तर मला इतके आवडले की पुढच्या चौकटीत मी ते वापरले.

नऊ कागदांच्या वेळी त्यांनी जाता जाता सांगितले, "अक्का आता कमी हसते."

"वाचकासाठी लिहायचं असतं," मी म्हणालो. "घरच्यांसाठी नाही." हे वाक्य मी बऱ्याच जणांना ऐकवत असे. त्यांनी मान हलवली. घरी जाऊन वहीत लिहून ठेवले असेल.

चौथा खर्डा पाच कागदांचा होता. त्यात अक्का एक शब्दही बोलत नव्हती. ओट्यावर बसून ती खाली मान घालून बिड्या वळत होती, दिवस उतरत होता, आणि शेवटच्या वाक्यात तिच्या हातातला दोरा सुटत होता. मी एक शब्द बदलला नाही. रविवारी अडीच कॉलम छापून आले. संपादक काही बोलले नाहीत. आमच्याकडे ती पावती असे. जी कॉपी, म्हणजे छापायचा मजकूर, बरोबर असे ती कोणी काही न बोलता खाली छापखान्यात जाई. बोलणे होई ते चुकीबद्दल. दोन वाचकांची पत्रेही आली.

मंगळवारी अक्काचे भाऊ आले. बसा म्हणालो तरी उभेच राहिले.

"काय म्हणाली चाळ?"

"आवडलं सगळ्यांना. शेजारच्या पोरीनं मोठ्यानं वाचलं ओट्यावर. बायका रडल्या. किती गरीब गाय होती बिचारी, म्हणाल्या."

"आणि अक्का?"

"तोंड फिरवलं भिंतीकडं." मग म्हणाले, "तिला गरीब गाय कुणी म्हटलं न्हवतं आजवर. भांडायला यायच्या बाया, ते हसून जायच्या."

मी पुन्हा खुर्ची पुढे केली.

"ते पहिले कागद तुमच्याकडं हायत का? बावीस होते ते."

नव्हते. परत दिले होते, हे दोघांनाही माहीत होते. तरी मी खण काढून पाहिला. वापरलेली कॉपी ज्या तारेच्या खिळ्याला टोचून ठेवत तोही पाहिला. खाली छापखान्यात जाऊन अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्यांना विचारले. शेवटचे पाच कागद तेवढे मिळाले, शाईच्या बोटांचे ठसे उमटलेले.

"तुम्हाला आठवत असेल ना?" मी म्हणालो. "लिहिलं तुम्हीच होतं."

"आठवायला बसलो की चौथ्यांदा लिहिलेलंच आठवतंय. आधीचं त्याच्याखाली गेलं." त्यांच्या आवाजात राग नव्हता. "तुमी दोनदा वाचलंय. जेवढं ध्यानात हाय तेवढं द्या लिहून."

मी त्यांना चहा मागवला आणि लिहायला बसलो. मला आठवत होती ती मी खोडलेली वाक्ये. प्रत्येकावर रेघ मारताना कारण शोधावे लागले होते, म्हणून ती राहिली होती. तासाभरात अकरा वाक्ये झाली. चेकरला ती म्हणते ते वाक्य असे लिहिले : "साहेब, तुमच्या बोटांना डोळे आहेत की तोंड? हातात घेतल्या की बिड्या कमीच होतात." कागद त्यांनी चार घड्या घालून खिशात ठेवला.

त्या आठवड्याच्या चौकटीत मी दोन ओळींची दुरुस्ती लिहिली : जुना खर्डा फाडावा ही आमची सूचना चुकीची होती, तो जपून ठेवावा. संपादकांनी ती काढली.

"सल्ल्याची कुठं चूकदुरुस्ती असते?" ते म्हणाले. "उद्या राशिभविष्याचीही छापावी लागेल."

पंधरा दिवसांनी अक्काचे भाऊ पुन्हा आले. अकरापैकी दोन वाक्यांना अक्का हसली होती. बाकीची वाचली तेव्हा तिने डाव्या हाताने जमिनीवर थाप मारली. थाप म्हणजे नाही.

"तुमचं लिहिणं चांगलं हाय," ते म्हणाले, "पण तिचं न्हाय ते. छाटल्यासारखं लागतंय."

मी आठवून लिहिले तेही संपादन करूनच लिहिले होते. तोपर्यंत ते माझ्या लक्षात आले नव्हते.

त्यांनी मग एक पद्धत काढली. वाक्य वाचायचे. थाप पडली की एखादा शब्द बदलून पुन्हा वाचायचे, थाप थांबेपर्यंत. चेकरच्या वाक्याला तीन दिवस लागले. 'आहेत' काढून 'हायत' घातले तरी थाप पडतच होती. शेवटी 'साहेब' काढून 'चेकरमामा' घातले, तेव्हा ती हसली. इतकी, की ठसका लागला आणि पाणी पाजावे लागले. हे सांगताना ते स्वतःही हसले. त्यांना हसताना मी तेव्हा एकदाच पाहिले.

एक वाक्य जुळले की त्याच्या शेजारचे आठवे; दोन महिन्यांत असे नऊ कागद झाले. ते घेऊन ते आले आणि माझ्यासमोर ठेवून उभे राहिले. संध्याकाळची गडबड होती. मी पेन्सिल हातात घेऊन वाचायला लागलो. दुसऱ्या पानावर ती खाली ठेवली. घटना याही वेळी नव्हती. तीच शेजारीण पुन्हा पुन्हा येत होती. पण ओट्यावर एक बाई बसली होती आणि तिच्यापुढे कोणाचे काही चालत नव्हते. कापण्यासारखे मला काही दिसले नाही. मी नऊ कागद टेबलावर ठोकून सारखे केले आणि त्यांच्या हातात दिले.

ते वाट पाहत होते.

"दुरुस्ती काय?"

"काही नाही."

त्यांनी कागदांकडे पाहिले. समास कोरे होते. आजवर त्यांना परत दिलेल्या कागदांचे समास मी कधी कोरे सोडले नव्हते. "म्हंजे दुरुस्त होण्यासारखं न्हाय," ते म्हणाले.

त्याच वेळी टेलिफोन वाजला. पुण्याहून बातमी होती आणि ती लिहून घ्यायची होती. "तसं नाही," एवढे मी म्हणालो आणि रिसीव्हर उचलला. छान आहे, हे दोन शब्द म्हणायला फार वेळ लागला नसता. पण ते शब्द त्या टेबलावर कोणी कोणाला म्हणत नसे. बातमी संपेपर्यंत त्यांनी कागदांची गुंडाळी केली होती. ते दारापर्यंत गेले तेव्हा मी मागून म्हणालो, "फाडू नका."

"न्हाय की. अक्का हाय तोवर लागतंय."

त्यानंतर ते कचेरीत आले नाहीत. मीही गेलो नाही. चौकट चालूच होती. खर्डा फाडण्याबद्दल मी पुन्हा लिहिले नाही. पण अनेकांच्या वह्यांत ते आधीच चिकटवलेले असणार.

पुढच्या वर्षी आणीबाणी उठली, आणि त्या दिवाळीनंतर यंत्रमागांच्या संपाची बातमी घ्यायला मी पूर्व भागात गेलो होतो. तिथल्या एका कामगाराला त्या गृहस्थांबद्दल विचारले, तेव्हा त्याने सांगितले की अक्का आश्विनात गेली. संप मिटल्यावर मी त्यांच्या कारखान्यावर गेलो. आत मागांचा आवाज इतका होता की बोलण्यासाठी ते बाहेर आले.

"चाळीतल्या बायका?" मी विचारले.

"बसायच्या शेवटी शेवटी. तिच्याशी बोलायच्या. मी वाचायचो, ती थाप मारायची, त्या हसायच्या." ते म्हणाले, "शेवटचे दोनचार महिने बरे गेले."

मी नऊ कागदांबद्दल विचारले. मला ते छापायचे होते. जसेच्या तसे, हेही मी सांगितले.

"अक्काबरोबर दिले."

"दुसरी प्रत?"

"न्हाय."

रस्त्यावरून सुताच्या बाचक्यांची हातगाडी गेली. ती जाईपर्यंत आम्ही दोघे भिंतीला लागून उभे राहिलो. ते कागद चांगले होते, असे मी त्यांना सांगितले. त्यांनी ऐकून घेतले.

"आता लिहिता का काही?"

"कुणाला वाचून दाखवू?"

माग सोडून फार वेळ बाहेर राहता येत नव्हते. येतो म्हणून ते आत गेले.